खाडीपलीकडचं वांद्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वांद्र्यात फिरायला येणारे, नव्याने राहायला आलेले आणि आजीचं जुनं घर शोधत येणारे, सगळे थोड्याफार फरकाने हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. भर पश्चिमेवर, म्हणजे समुद्राच्या बाजूवर आहे. पूर्वेला एक प्रश्न दिला आहे, कारण ती सोडून वांद्र्याची गोष्ट पुरी होत नाही.

वांद्रे पहिल्यापासून मुंबईतच होतं ना?

नव्हतं, आणि बाकीचा सगळा इतिहास या एका उत्तरावर उभा आहे. मुंबईची सात बेटं माहीमला संपत. माहीमच्या पुढे खाडी आणि खाडीपलीकडे साष्टी हे वेगळंच, मोठं बेट. वांद्रे म्हणजे साष्टीचं दक्षिण टोक. १५३४ च्या वसईच्या तहात गुजरातच्या बहादूरशाहाने वसईबरोबर हा सगळा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. पुढे १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, पण साष्टी स्वतःकडेच ठेवली. १६६५ मध्ये मुंबईचा ताबा इंग्रजांकडे आला आणि पुढची जवळजवळ पाऊणशे वर्षं माहीमच्या काठावर इंग्रज, समोरच्या काठावर पोर्तुगीज, असा मामला राहिला. मधल्या खाडीतून जाणाऱ्या मालाच्या जकातीवरून दोघांची सतत कुरबुर चाले.

कारभाराच्या हिशेबाने तर वांद्रे मुंबईत फारच उशिरा आलं. १८७६ साली इथे स्वतंत्र नगरपालिका झाली. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढला गेला. मुंबई महापालिकेची हद्द माहीमची खाडी ओलांडून अंधेरीपर्यंत गेली ती १९५० मध्ये. जुनी माणसं फोर्टात कामाला निघताना 'मुंबईला जाऊन येतो' म्हणत, त्यात काही चूक नव्हती.

पोर्तुगीजांनी मागे काय ठेवलं?

इमारती म्हणाल तर फार थोड्या. हिल रोडच्या समुद्राकडच्या टोकाला, चिंबई कोळीवाड्याला लागून असलेलं सेंट अँड्र्यूज चर्च जेझुइट पाद्र्यांनी १५७५ साली बांधलं. मधल्या काळात त्याची डागडुजी बरीच झाली, पण जागा तीच. अंगणात एक उंच, एकसंध दगडाचा क्रूस आहे. त्यावर येशूच्या हालअपेष्टांची चिन्हं कोरली आहेत. तो मूळचा इथला नव्हे, जेझुइटांच्या सांता आना या मठ-विद्यालयातून आणलेला. ते विद्यालय केव्हाच नाहीसं झालं. आत जाण्याआधी दोन मिनिटं या क्रुसापाशी थांबा. लोक बहुधा त्याच्या शेजारी गाडी लावून सरळ पुढे जातात.

खरा ठेवा माणसांचा आहे. इथल्या कोळी, भंडारी, कुणबी घरांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि मराठी मात्र सोडली नाही. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर.

वांद्रे किल्ल्यात बघण्यासारखं काय आहे? तो कोणी पाडला?

राजगड-रायगड डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल. एक दरवाजा, त्याच्यावरचा १६४० सालचा पोर्तुगीज शिलालेख, थोडी तटबंदी आणि मोकळी जागा, एवढंच उरलं आहे. पोर्तुगीज त्याला 'कास्तेला द आग्वादा' म्हणत. गोव्याच्या आग्वादसारखंच इथेही गलबतांना गोडं पाणी भरून घ्यायची सोय होती. किल्ल्याचं मुख्य काम माहीमच्या उपसागरावर नजर ठेवण्याचं. तिथे उभं राहिलं की जागा का निवडली ते लगेच कळतं. समोर माहीम, डावीकडे खाडीचं तोंड, उजवीकडे उघडा समुद्र. एकही होडी नजरेतून सुटायची नाही.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजा वसईला भिडल्या तेव्हा इंग्रजांच्या पोटात गोळा आला. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडला तर तोफांच्या तोंडी माहीम येणार. त्या धास्तीने किल्ल्याचा बराच भाग सुरुंग लावून उडवला गेला. मराठ्यांनी पाडला असं काही जण ठासून सांगतात, ते खरं नाही. पुढे १८३० साली कंपनी सरकारने लँड्स एंडसह साष्टीतली बरीच जमीन पारशी व्यापारी बैरामजी जीजीभाई यांना दिली. बँडस्टँडच्या रस्त्याला बी. जे. रोड म्हणतात तो त्यांच्याच नावाने.

म्हणजे वांद्र्यात मराठ्यांचं राज्य होतं?

होतं, आणि तीसपेक्षा जास्त वर्षं. १७३७ मध्ये मराठे ठाणे घेऊन साष्टीत उतरले, १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि साष्टी पेशव्यांच्या अमलाखाली आली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ती घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडे कायम राहिली.

या काळातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मोहिमेच्या धामधुमीत डोंगरावरचं माउंट मेरीचं चर्च उद्ध्वस्त झालं. ते पुन्हा उभं राहिलं ते १७६० च्या सुमारास, म्हणजे इथे मराठ्यांचा अंमल असतानाच. शाळेच्या पुस्तकातल्या चौकटीत हे चट्कन बसत नाही, त्यामुळे सहसा सांगितलंही जात नाही.

माहीम कॉजवे खरंच एका बाईंनी बांधून दिला?

पैसा त्यांनी दिला, हे खरं. तोवर माहीमहून वांद्र्याला यायचं म्हणजे तरीने. पावसाळ्यात खाडीला ओढ असे, होड्या उलटत, माणसं बुडत. रस्ता हवा अशी मागणी जुनी होती, पण कंपनी सरकार खर्चाला तयार नव्हतं. तेव्हा सर जमशेदजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई पुढे आल्या. त्यांनी १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली की या रस्त्यावर सरकारने कधी टोल घ्यायचा नाही. १८४५ साली रस्ता खुला झाला. त्याला 'लेडी जमशेटजी' नाव पडलं, तेच पुढे दादर-माहीमच्या एल. जे. रोडला चिकटलं. अवाबाईंच्या नवसाची एक कथाही सांगतात. ऐकायला छान आहे, पण आकडा आणि अट या दोन गोष्टीच मला पुरतात.

वांद्र्याचं पुढचं सगळं या रस्त्याने आणलं. बाजार वाढला, शहराचा कत्तलखाना खाडीकाठी आला, तो पुढे देवनारला हलला. शहरातल्या श्रीमंत पारशी आणि युरोपियन मंडळींनी टेकडीवर हवा खायला बंगले बांधायला सुरुवात केली.

रेल्वे कधी आली?

१८६० च्या दशकात. १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅकबे अशी दिवसाला एक गाडी सुरू झाली, तिच्या थांब्यांत वांद्रे होतं. आजच्या पश्चिम रेल्वेच्या लोकलची सुरुवात तीच. स्टेशनची उतरत्या छपरांची देखणी इमारत १८८८ ची, आणि ती पहिल्या श्रेणीच्या वारसा यादीत आहे. पश्चिमेला उतरून रिक्षाच्या रांगेत घुसण्याआधी मागे वळून पाहिलीत तर दिसेल. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि 'वांद्र्यात राहून फोर्टात नोकरी' हे मध्यमवर्गाला परवडायला लागलं.

पाखाडी म्हणजे काय? ही गोव्याच्या लोकांची घरं आहेत का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि त्याचा दुसरा भाग सगळ्यात जास्त दुखावणारा.

पाखाडी म्हणजे गावातली वाडी. जुन्या वांद्र्यात अशा चोवीस पाखाड्या असल्याचं सांगतात. रनवार, वरोडा, शेरली, राजन, माला, कांतवाडी, बोरान, पाली, चुईम, चिंबई ही त्यातली काही नावं. मधे भातखाचरं, नारळ, ताड, विहिरी. आज खाचरं गेली, त्यांवर इमारती आल्या, पण पाखाड्यांच्या गल्ल्या तशाच वाकड्यातिकड्या राहिल्या. हिल रोडवरून आत वळलात आणि रस्ता अचानक दोन माणसांपुरता झाला, तर समजा पाखाडीत शिरलात.

इथली मूळ वस्ती ईस्ट इंडियनांची. ते गोव्याचे नव्हेत. ते इथलेच, उत्तर कोकणातले. बाटले, पण भाषा, शेती, नातीगोती इथलीच राहिली. मग हे इंग्रजी नाव कसं पडलं? एकोणिसाव्या शतकात गोवा आणि मंगळूरहून ख्रिस्ती लोक नोकऱ्यांसाठी मुंबईत मोठ्या संख्येने आले. आपण त्यांच्याहून वेगळे आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत सगळ्यांत जुने, हे ठसवायला इथल्यांनी हे नाव घेतलं. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचं निमित्त साधून, 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन झाली. कंपनी तोवर बुडाली होती, नाव मात्र टिकलं.

घर ओळखायचं कसं? कौलारू छप्पर, फार तर दोन मजले, पुढे ओटला, वर जायला बाहेरच्या अंगाने लाकडी जिना. जिना बाहेर, म्हणजे वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवला तरी त्याची ये-जा घरच्यांच्या स्वयंपाकघरातून नको. संध्याकाळी ओट्यावर खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी माणसं आपसात जी मराठी बोलतात, ती वसईच्या आणि आगरी-कोळी बोलीच्या जवळची आहे. ठेवणीतल्या लुगड्याचा काठ, लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन आणायचं उंबराचं पाणी, हळद, हे सगळं शेजारच्या हिंदू घराला नवं वाटू नये असं आहे.

आणि बाटली मसाला. कडक उन्हात, एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या, हळकुंडं, धणे, खसखस, तीळ आणि बाकीचे वीसेक जिन्नस वाळवायचे, एकेक वेगळा भाजायचा, लाकडी उखळीत मुसळाने कुटायचा. कुटायला पूर्वी बायकांच्या टोळ्या पाखाड्यापाखाड्यांतून फिरत. मग तो बिअरच्या रिकाम्या, गडद बाटल्यांत काठीने ठासठासून भरायचा, हवा म्हणून उरता कामा नये. गडद बाटलीत ऊन लागत नाही, वर्षभर रंग टिकतो. प्रत्येक घराचं प्रमाण निराळं, आणि ते विचारायचं नसतं.

गल्लोगल्ली इतके क्रूस का आहेत?

काही जुने आहेत, पण बरेचसे प्लेगच्या वेळचे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग फुटला. शहरातून लोक पळाले, बरेच उपनगरांत आले, आणि त्यांच्या मागोमाग रोगही आला. पाखाडी वाचावी म्हणून वेशीवर, चौकात, विहिरीजवळ लोकांनी क्रूस उभारले. संध्याकाळी त्याच्यासमोर जमून रोझरी म्हणायची. चौथऱ्यावरची सालं वाचत गेलात तर १८९६ नंतरच्या काही वर्षांत ती दाटीने येतात. मे महिन्यात आजही काही क्रुसांपुढे माळा, मेणबत्त्या आणि नंतर वाटायला चणे असतात.

रस्ता रुंद करताना मधे येणाऱ्या क्रुसांवरून वाद झाले आहेत, पुढेही होतील. माझं मत विचाराल तर हे फक्त धार्मिक बांधकाम नाही. प्लेगच्या काळात पाखाडीची वेस नेमकी कुठे होती, याची गल्लीत उरलेली ती सगळ्यात भरवशाची खूण आहे.

माउंट मेरीच्या जत्रेला हिंदू का जातात?

कारण ती नवसाला पावते, अशी श्रद्धा आहे. कोळी तिला मोत माउली म्हणतात. पोर्तुगीजांनी आणलेल्या तिच्या मूर्तीचा हात १७०० च्या सुमारास चाच्यांनी सोनं समजून तोडला, मूर्ती नंतर समुद्रात कोळ्यांना सापडली, अशी कथा आहे. आजचं निओ-गॉथिक चर्च १९०४ चं, वास्तुरचनाकार शापूरजी चांदाभाई. १९५४ मध्ये त्याला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला.

जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर. गणपतीच्या आगेमागे येते, त्यामुळे बऱ्याच मराठी घरांत दोन्हीची धावपळ एकदम असते. चढावर दोन्ही बाजूंनी मेणाचे हात, पाय, डोळे, बाळ, घर विकायला मांडलेलं असतं. गुडघा दुखत असेल तर मेणाचा पाय वाहायचा, मूल हवं असेल तर बाळ. हल्ली मेणाचं विमानही मिळतं, व्हिसासाठी. खाली स्टेशनपासून बेस्टच्या जादा गाड्या सुटतात. एरवी शांतपणे बघायचं असेल तर जत्रेचा आठवडा टाळा. बघायची जत्राच असेल, तर सकाळी लवकर जा.

जवळच कडेश्वरी देवीचं देऊळ आहे आणि खाली तलावाशेजारी जरीमरीचं. ज्याला आता स्वामी विवेकानंद तलाव म्हणतात तो जुना मोठा तलाव नवपाड्याच्या एका कोकणी मुसलमान धनिकाने बांधला. पश्चिम वांद्र्याला 'ख्रिस्ती वस्ती' म्हणून मोकळं होणाऱ्यांनी स्टेशनजवळच्या बाजार रोडवर एक चक्कर मारावी.

रस्त्यांना नंबर आणि इंग्रज साहेबांची नावं कशी आली?

१९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानंतर. या कायद्याखालच्या पहिल्या काही नगररचना योजनांत वांद्रे होतं. शेतजमिनी एकत्र करायच्या, रस्ते आखायचे, सरळ प्लॉट पाडून मालकांना परत द्यायचे, असा प्रकार. जमिनीच्या कागदांवर 'टी. पी. एस.' आणि पुढे आकडा असतो तो हाच. चौदावा रोड, तेहतिसावा रोड वगैरे नंबर याच आखणीतले. मोठ्या रस्त्यांना पेरी, कार्टर, टर्नर अशा साहेबांची नावं दिली. कागदोपत्री आज टर्नर रोडचा गुरुनानक मार्ग झाला आहे, हिल रोडचा रामदास नायक मार्ग आणि कार्टर रोडचा नौशाद अली मार्ग. रिक्षावाल्याला मात्र जुनंच नाव सांगा.

याच सुमारास, १९१८ साली, साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था सुरू झाली. मुंबईतल्या सर्वांत जुन्या गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक. मध्यमवर्गीय ख्रिस्ती कुटुंबांना प्लॉट आणि बंगला मिळावा हा हेतू. पेरी रोडच्या आसपास झाडांच्या सावलीत अजून तग धरून असलेले बैठे बंगले दिसतात, त्यांतले काही या काळातले. नियोजन चांगलं झालं यात शंका नाही. पण योजनेने जिथे सरळ रेघा मारल्या तिथे बंगले आले आणि सत्तर-ऐंशी वर्षांत पाडलेही गेले. जिथे योजना शिरली नाही त्या पाखाड्या अजून उभ्या आहेत.

सिंधी लोक इथे कसे आले?

फाळणीमुळे. निर्वासितांपैकी अनेक कुटुंबं वांद्रे-खारमध्ये स्थिरावली आणि त्यांनी लिंकिंग रोडचा बाजार घडवला. सिंधमधल्या हैदराबादचं नॅशनल कॉलेज इथे १९४९ साली पुन्हा सुरू झालं, ते आजचं आर. डी. नॅशनल.

फिल्मवाले कधीपासून?

साधारण पन्नासच्या दशकापासून. १९५४ मध्ये हिल रोडच्या टोकाला मेहबूब स्टुडिओ झाला. काम इथे, मग घरही इथेच. पाली हिलवर दिलीप कुमार, सुनील दत्त-नर्गिस, कार्टर रोडवर नौशाद. पुढे तिथेच राजेश खन्नांचा 'आशीर्वाद'. बँडस्टँडवर ज्या फाटकासमोर रोज गर्दी असते त्या बंगल्याचं मूळ नाव व्हिला व्हिएन्ना. शाहरुख खानने तो २००१ मध्ये घेतला आणि नंतर 'मन्नत' नाव दिलं.

याहून जास्त लिहीत नाही. वांद्र्याची निम्मी माहिती इंटरनेटवर याच विषयाची आहे.

पूर्व आणि पश्चिम इतकी वेगळी का?

रूळ मधे आले म्हणून, हे सोपं उत्तर. पूर्व बाजू खाजणाची, मिठी नदीच्या पाण्याची. तिथे बंगलेवाले गेले नाहीत. स्वातंत्र्यानंतर सरकारने तिथे कर्मचाऱ्यांसाठी वसाहत बांधली. राज्यभरातून बदलीवर आलेल्या मराठी कारकुनांची, शिपायांची, अधिकाऱ्यांची दोन-तीन पिढ्यांची मुंबई म्हणजे ही शासकीय वसाहत. उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची जागा तिच्यातूनच काढली आहे. जवळच कलावंतांचं कलानगर आणि लेखकांची साहित्य सहवास. इथल्या इमारतींना 'झपूर्झा', 'उषःकाल' अशी नावं आहेत. विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ इथले रहिवासी होते, आणि कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकरांचा धाकटा मुलगा इथल्याच आवारात क्रिकेट खेळत मोठा झाला.

मग वांद्रे-कुर्ला संकुल. १९७७ मध्ये एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, या सुमारे ३७० हेक्टरांचं नियोजन दिलं गेलं. दक्षिण मुंबईवरचा ताण कमी व्हावा हा उद्देश बऱ्यापैकी साधला. किंमत मिठी नदीने आणि तिवरांनी दिली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा नदीला पसरायला जागा उरलेली नव्हती. एवढ्या पावसात पूर आलाच असता, हे मान्य. पण तो इतका आत आणि इतका वेळ साचला, त्याला भराव कारण आहे हेही मान्य करावं लागेल.

सागरी सेतूमुळे वांद्र्याला काय मिळालं?

५.६ किलोमीटरचा हा पूल ३० जून २००९ ला खुला झाला. भूमिपूजन १९९९ चं. वरळीला जायला माहीम-दादरची कोंडी टळते, ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांची. बस-लोकलने जाणाऱ्याला त्याचा उपयोग किती, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. दुचाकी आणि पायी माणसाला तर पुलावर प्रवेशच नाही. आणि हो, टोल आहे. खाडीवरचा पहिला रस्ता एका बाईंच्या अटीमुळे फुकट, दुसरा पैसे मोजून. मधे दीडशे वर्षांहून जास्त काळ गेला आहे आणि खर्चाचे आकडेही तुलनेचे नाहीत, हे कबूल. तरी टोलनाक्यावर रांगेत असताना अवाबाई आठवतात खऱ्या.

सेतू जिथे सुरू होतो ते रेक्लेमेशन म्हणजे समुद्रात भराव घालून केलेली जमीन. जुन्या फोटोत हा किनारा शोधाल तर तिथे पाणी दिसेल.

कार्टर रोड आणि बँडस्टँडचे पदपथ महापालिकेने बांधले का?

एकट्या पालिकेने नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून रहिवाशांच्या संघटनांनी पाठपुरावा केला आणि वास्तुरचनाकार पी. के. दास यांनी आराखडे केले. त्याआधी हा किनारा राडारोडा टाकायची जागा होता आणि अतिक्रमणाला मोकळा होता. आज पहाटे कार्टर रोडला चालणाऱ्यांची रांग लागते आणि कठड्यापलीकडे तिवरंही टिकून आहेत. मुंबईत नागरिकांनी मनावर घेतल्यावर काय होतं त्याचं हे चांगलं उदाहरण आहे. पण मनावर घेणाऱ्यांकडे वेळ, ओळखी आणि इंग्रजी अर्ज लिहिण्याची सवय होती, हेही लक्षात ठेवा. चिंबईच्या कोळ्यांना तेवढं सहज जमत नाही.

इथे कोळी अजून मासेमारी करतात?

करतात. चिंबई आणि खार-दांडा हे दोन कोळीवाडे अजून जागते आहेत. सेंट अँड्र्यूजच्या मागून चिंबईत उतरलात की होड्या, जाळी विणणारी माणसं, वाळत घातलेले बोंबील दिसतात. मासळी कमी झाली, किनाऱ्याजवळ तर फारच. खाडीतून येणारं सांडपाणी, भराव, समुद्रातली बांधकामं, सगळ्याचा परिणाम आहे. वांद्रे-वर्सोवा सेतूच्या कामामुळे होड्यांच्या वाटांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. मुलं नोकरीला लागली, तरी होडी विकायला घरातली म्हातारी तयार नसते, असं चित्र बऱ्याच घरांत आहे.

जुनी घरं का पाडली जातात? कायदा नाही का?

कायदे आहेत, पण प्रत्येक घराला ते सारखे लागू होत नाहीत. वारसा यादीत ठरावीक वास्तू आहेत. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आतल्या बांधकामावर बंधनं आणली आणि पुढच्या वर्षांत ती वेळोवेळी सैल झाली. गावठाणात गल्ली अरुंद असल्याने मोठी इमारत बसत नाही, ही पाखाड्यांची खरी तटबंदी. पण भाऊबंदकीत एका घराचे वीस वारस, त्यातले निम्मे कॅनडा-ऑस्ट्रेलियात, छप्पर गळतंय आणि बिल्डर रोख रक्कम घेऊन दारात. अशा वेळी 'वारसा जपा' म्हणणं बाहेरच्याला सोपं आहे. दुरुस्तीला स्वस्त कर्ज, करात सवलत, गावठाणाच्या हद्दी नकाशावर पक्क्या करणं, एवढं सरकारने केलं तर बरीच घरं वाचतील. भिंतींवर चित्रं काढल्याने रनवारची गल्ली प्रसिद्ध झाली, छपराची गळती काही थांबली नाही.

अर्ध्या दिवसात पायी काय बघता येईल?

स्टेशनची इमारत, मग तलाव, तिथून हिल रोडने सरळ. मधे डावी-उजवीकडे रनवार आणि वरोड्याच्या गल्ल्या. सेंट अँड्र्यूज, चिंबई, तिथून बँडस्टँडने किल्ल्यापर्यंत आणि परतताना माउंट मेरीचा चढ. मधल्या थांब्यांसकट तीन तास धरा. ओहोटीला बँडस्टँडच्या खडकांवर उतरायचा मोह होतो. भरती पाठीमागून कधी वेढते कळत नाही, माणसं वाहून गेली आहेत, उतरू नका. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. पाखाडीत ओट्यावर बसलेल्यांचे फोटो काढण्याआधी विचारा. मराठीतच विचारा, बहुतेकदा हो म्हणतात आणि वर पाणीही विचारतात.